नाव न सांगता मदत करणाऱ्यांचे आभार

घरचा कॉम्प्युटर सुरू केला की तारीख थेट काही वर्षं मागे जायची आणि जवळजवळ प्रत्येक वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडून बसायची. इथे ऑनलाइन विचारलं, तर व्हायरस असेल, विंडोज नव्याने टाका, असे सल्ले पैशाला पासरी मिळाले. तुमच्यापैकी एकाने मात्र आधी विचारलं, “प्लग काढून ठेवल्यावरच तारीख बिघडते का?” त्या प्रश्नातच निम्मं उत्तर होतं. मदरबोर्डवरचा (कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा, नाण्याएवढा सेल संपला की वीज नसताना आतलं घड्याळ चालत नाही. आणि तारीख चुकली की वेबसाइटची ठरावीक मुदतीची सुरक्षा-प्रमाणपत्रं ब्राउझरला अवैध वाटतात. सेल बदलला, तारीख लावली, काम फत्ते!

कॅबिनेट (कॉम्प्युटरचा डबा) उघडतेच आहेस तर धूळही काढ, पण हवेचा झोत मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, हे सांगणाऱ्या ताईंचेही आभार. असली बारीकसारीक माहिती मॅन्युअलमध्ये कुठली मिळायला!

आणि ‘आधी बॅकअप घ्या’ असा धोशा लावणाऱ्या काकांनाही मनापासून धन्यवाद. तेव्हा वैताग आला होता, खरं सांगते. बॅकअप घेतलाय.