कॅलरी कळतात, मिठाचे काय?

फास्ट फूडमधील आरोग्यदायी पर्याय सुचवणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. मैद्याच्या पावाऐवजी मल्टीग्रेन, बर्गरऐवजी सॅलड किंवा रॅप घ्यावा, हा सल्ला वरवर पटतो. पण तो पावापाशीच थांबतो. आतली तळलेली टिक्की तीच, सॉसही तेच. सॅलडवरच्या मेयोनीजच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९० कॅलरी असतात आणि काउंटरपलीकडचा मुलगा चमचा मोजत नाही, बाटली दाबतो. (वडापाववाल्याने निदान आरोग्याचा दावा तरी कधी केलेला नाही!)

खरी मेख मिठात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. चीज, सॉस, खारवलेली काकडी यांतून ते किती पोटात गेले, हे जिभेला कळतही नाही. १० किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना जुलै २०२२ पासून मेनूवर कॅलरी दाखवणे बंधनकारक आहे. मिठाचा आकडा फलकावर सक्तीचा नाही. ‘हेल्दी’ म्हणून जे विकले जाते, त्याच्या किमतीशेजारी निदान तेवढा आकडा छापायला एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) भाग पाडावे.

– एक वाचक, ठाणे