मिरजेच्या स्टुडिओवाल्या काका-काकूंना

ती. काका आणि काकू,
सा. नमस्कार.

गेल्या महिन्यात तुम्ही स्टुडिओचं शटर कायमचं खाली ओढलंत आणि आम्हाला कळवलंत दोन दिवसांनी. वर म्हणालात, "आधी सांगितलं असतं तर हारतुरे घेऊन आला असता." आलोच असतो! तोंडावर आभार मानायला लागलं की तुम्ही चष्मा पुसत बसता आणि काकू चहाचं आधण ठेवायला आत पळतात. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. अर्ध्यात उठू नका, एवढंच.

ज्यांना आपली ओळख नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आम्ही नवरा-बायको सांगलीत लग्नाचे आणि पोर्ट्रेटचे फोटो काढतो. हाताखाली कायमचं माणूस नाही. सीझनला व्हिडिओवाला आणि ड्रोनवाला बाहेरून बोलावतो. बाकी कॅमेरे, हिशेब, अल्बमचं डिझाइन, गिऱ्हाइकांचे रात्री साडेअकराचे फोन, सगळं आम्हा दोघांतच. २०१९ च्या ऑगस्टपर्यंत काका आम्हाला नुसते तोंडओळखीचे होते. फिल्मच्या तीन रोलमध्ये लग्न उरकणारा जुना माणूस म्हणून आम्ही त्यांना मागून थोडं हसायचोसुद्धा. हे आता कबूल करून टाकलेलं बरं.

आमचं तेव्हाचं दुकान हरभट रोडच्या आतल्या गल्लीत, तळमजल्यावर. आधीच्या भाडेकरूने भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ मारून ठेवली होती. कृष्णा वाढायला लागली तसं आम्ही मोठं शहाणपण केलं. त्या रेघेच्या वर दोन फूट एक फळी होती, तिच्यावर कॉम्प्युटर, हार्ड डिस्क आणि लाइटचे खोके चढवले, कॅमेऱ्यांच्या बॅगा खांद्याला मारल्या आणि कुलूप लावून माझ्या माहेरी गेलो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेलं. जुन्या रेघेच्या भरवशावर राहिलेल्या कितीतरी जणांचं जे झालं तेच आमच्या फळीचं झालं.

पाणी उतरल्यावर दुकान उघडलं तेव्हाच्या वासाबद्दल मी लिहीत नाही. सांगलीकरांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगून कळायचा नाही.

आम्ही चिखल उपसतोय तोवर गल्लीतल्या बायका भिजलेले अल्बम घेऊन दारात. फोटोवाले म्हटल्यावर आमच्याकडेच येणार. कुणाचं सासू-सासऱ्यांचं लग्न, कुणाच्या गेलेल्या मुलाचं बारसं. माझा नवरा पायरीवर बसून एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून वेगळे करत होता आणि उन्हात पसरत होता. तेवढ्यात काका, तुम्ही आलात. स्कूटर स्टँडला लावायच्याही आधी ओरडलात, "ए, ओढू नको ते! पाण्यात टाक!"

पुरातून काढलेले फोटो परत पाण्यात? मला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

तुम्ही तिथेच उकिडवे बसून सांगितलंत. फोटोतलं चित्र असतं जिलेटिनच्या थरात. तो थर भिजला की साय होतो आणि चिकटलेल्या स्थितीत वाळला की सरस. ओढलं की एकाचं नाक दुसऱ्याच्या पाठीवर जातं. म्हणून स्वच्छ गार पाण्याच्या बादलीत सोडायचं, आपापले सुटेपर्यंत थांबायचं, कडेला धरून उचलायचं, तोंडावर बोट लावायचं नाही, आणि सावलीत कापडावर चेहरा वर करून वाळत घालायचं. निगेटिव्ह असतील तर दोरीला चिमट्यांनी टांगायच्या. आज जमणार नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत भरून फ्रीझरमध्ये, म्हणजे बुरशी थांबते. त्या दिवशी संध्याकाळी काकूंनी फ्रीझरमधले मटार बाहेर काढले आणि सांगलीतल्या अनोळखी लोकांची लग्नं आत ठेवली. कित्येक वर्षं बंद असलेल्या डार्करूममधले ट्रे निघाले. पुढचे दहा-बारा दिवस तुमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

गंमत अशी की सगळ्यात जुने कृष्णधवल फोटो सर्वांत चांगले निघाले. ८० च्या दशकातले रंगीत बऱ्यापैकी तगले. आणि आमचे, बारा बाय छत्तीसच्या शीटवाले, लॅमिनेशन केलेले करिझ्मा अल्बम? पाणी आतच कोंडलं आणि पानं फुगून पुठ्ठे झाले. इंकजेटवर काढलेले पासपोर्ट फोटो तर रंगपंचमी खेळून बसले होते. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं आमच्याकडे बघितलंत. त्यापेक्षा बोलला असतात तर परवडलं असतं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. फोटो वाळवायला तुम्ही कुणालाही शिकवलं असतंत.

बुडालेल्या डिस्कवर दोन लग्नं होती, अजून अल्बमला न गेलेली. एकाची मेमरी कार्डं माझ्या पर्समध्ये तशीच होती, ते वाचलं. दुसरं जूनच्या शेवटचं, तासगावकडचं. त्याची कार्डं आम्ही फॉरमॅट करून एका बारशाला वापरली होती. डिस्क दुरुस्तीवाल्याने हात वर केले. तेव्हा, काका, मी तुम्हाला म्हणाले होते की महिनाभर अल्बम छापणाऱ्या लॅबवर ढकलू, पुराचं कारण आहेच, नंतर बघू काय ते. सुचवलं मी, त्याने नाही. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तुम्ही म्हणालात, "पुराने डिस्क बुडवली, पण दुसरी कॉपी न ठेवणं पुराने केलेलं नाही. उद्या सकाळी जाऊ." "जा" नाही म्हणालात, "जाऊ" म्हणालात.

गेलो. मुलीचे वडील एक शब्द बोलले नाहीत. आत्याबाई मात्र बोलल्या, आणि सगळं बरोबर बोलल्या. तुम्ही टोपी मांडीवर घेऊन ऐकत होतात, जणू डिस्क तुमचीच होती. मग म्हणालात, "चूक आमची आहे. पैसे आज परत घ्या. पण मला पंधरा दिवस द्या." आमची! तुमचा त्या लग्नाशी काडीचा संबंध नव्हता.

त्या पंधरा दिवसांत तुम्ही आम्हाला पाहुण्यांच्या दारोदार फिरवलंत. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो दबून लहान होतो, म्हणून प्रत्येकाच्या मोबाइलमधून मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची. कुणाच्या करवलीने काढलेला कानपिळीचा फोटो, कुणाच्या आजोबांनी चुकून काढलेला झालीचा. सहाशेच्या वर जमले, त्यातले दोनशे कामाचे. मग नवरा-नवरीला परत शालू-फेट्यात मिरजेला बोलावलंत. तुमचे जुने पिवळे बल्ब, तो रंगवलेला पडदा, ते लाकडी स्टूल. काकूंनी तिची नथ सरळ केली. तुम्ही मला कॅमेऱ्यामागे उभं केलंत आणि मागून पुटपुटत राहिलात, "दिवा खाली घे, अजून खाली. नाकाची सावली ओठाला टेकू द्यायची नाही." तेव्हापर्यंत मी दहा वर्षं फोटो काढत होते आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ते घर परत कधी आमच्याकडे लग्नाला आलं नाही. धाकट्याचं लग्न दुसऱ्याने केलं. ती मुलगी मात्र डोहाळजेवणाला आली. आली आणि बसली त्याच स्टुलावर, तुमच्याकडेच.

काकू, आता तुमच्याबद्दल. तुम्हाला वाटेल मी काकांनाच लिहिते आहे. मिरजेत सगळे म्हणतात "काकांचा स्टुडिओ". पण निगेटिव्हवर पेन्सिलने रिटच करायचं ते तुम्ही. कृष्णधवल फोटोंवर गालाचा गुलाबी आणि शालूचा हिरवा चढवायचा तोही तुम्हीच. स्थळाला दाखवायच्या फोटोसाठी आलेल्या घाबरलेल्या मुली तुमच्याशी बोलून मगच खुर्चीत बसायच्या. एकदा मी तुमच्यापुढे कुरकुरले की मंडपात मला सगळे "मॅडम, जरा लाइट धरा" म्हणतात. तुम्ही काकांना हाक मारून म्हणालात, "यांच्या बोर्डावर हिचं नाव आधी लिहायला सांगा. माझं राहिलं ते राहिलं." विश्रामबागेत वरच्या मजल्यावर नवी जागा घेतली तेव्हा बोर्ड तसाच रंगवला. विचारायला येणारे अजून त्याच्याकडेच बघून दर विचारतात. तो माझ्याकडे बोट दाखवतो.

कामाची वाटणीही तुमच्या दोघांकडूनच उचलली. नवरीच्या खोलीत मी असते. हिरवा चुडा, गौरीहार, आईचे डोळे पुसणं, तिथे पुरुष कॅमेरा घेऊन उभा राहिला की सगळ्या ताठ होतात. अंतरपाटाच्या वेळी मी नवरदेवाच्या खांद्यामागून तिचा चेहरा धरते, तो पलीकडून त्याचा. "तदेव लग्नं" सुरू झालं की तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे, आणि त्यानंतर पाट खाली येईपर्यंत दोघांनीही बघायचं नाही. त्या क्षणी अक्षतांवर फ्लॅश मारला तर सगळे पांढरे ठिपके, हे तुमच्याकडच्या एका जुन्या अल्बमात बघून शिकलो. छत्तीस फोटोंचा रोल असताना तुम्ही बोट कधी दाबायचं ते ठरवून दाबायचात. आम्ही एका लग्नातून चार हजार घेऊन येतो, मग ते निवडताना घरात भांडणं होतात. आमची बहुतेक भांडणं पैशावरून होत नाहीत, तिरक्या मानेचा फोटो अल्बमात घ्यायचा की नाही यावरून होतात.

पैशाचं म्हणाल तर तुमचा विसाराचा नियम. "विसार आपला नसतो. लग्न लागेपर्यंत तो गिऱ्हाइकाचाच, आपण सांभाळतोय." २०१९ च्या दिवाळीनंतर वेगळं खातं काढायला लावलंत. तुळशीच्या लग्नानंतर तारखा यायला लागल्या तसा सगळा विसार तिकडे गेला. कॅमेऱ्याचा हप्ता थकला तरी हात लावला नाही, आणि मनातून तुम्हाला भरपूर शिव्या घातल्या. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला, एप्रिल-मेच्या सगळ्या तारखा पडल्या आणि लोक पैसे मागायला लागले. आम्ही आठवड्यात सगळे परत केले. आमच्या ओळखीतल्या दोघांना तेव्हा कॅमेरे विकावे लागले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तर लग्न दोन तासांत, पंचवीस माणसांत, असा नियम आला. पैसे परत मिळालेल्यांतल्या चार घरांनी तेव्हा आम्हालाच बोलावलं. पंचवीसमध्ये फोटोग्राफरही मोजायचे, म्हणून दोघांपैकी एकालाच जाता यायचं. तीनदा मी गेले.

कागदाचंही तसंच. एक पानी करार लिहायला लावलात: तारीख, शीट किती, अल्बम कधी, डेटा किती महिने सांभाळणार. आम्हाला वाटायचं, फोटो आपण काढला म्हणजे आपला. तुम्ही सांगितलंत, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पैसे घेऊन, सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक सांगणारा असतो, वेगळं ठरवलं नसेल तर. त्यामुळे आता कुणाचा फोटो आमच्या ऑनलाइन पानावर टाकायचा तर आधी विचारतो. कॉलेजची पायरी न चढलेला माणूस मला कलम समजावतो आणि मी वाणिज्य शाखेची पदवीधर बघत बसते. असो.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. त्या रात्री मी शांत झोपले. आमच्या प्रत्येक लग्नाच्या तीन कॉप्या होत्या, त्यातली एक मिरजेत, तुमच्या माडीवर, काकूंच्या पितळी डब्यांशेजारी. दर शनिवारी डिस्क बदलायला येतो, ते अजून चालू आहे. चातुर्मासात, किंवा २०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू-शुक्राच्या अस्ताने मुहूर्त रोडावले तेव्हाही, बदलायला फारसं काही नसताना आम्ही येत होतो. तुम्हाला ते कळत होतं आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत.

लाकडी स्टूल पोचलं. टेम्पोवाल्याने एक पाय थोडा खरचटवला आहे, पॉलिश करत नाही, तसाच ठेवतो. पडदा मात्र कसर लागायच्या आत नीट गुंडाळायला हवा, तो तुम्हीच येऊन दाखवा.

आणि आवरताना सगळी कपाटं उपसली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. काकांनी काढलेले काकूंचे फोटो आहेत, काकूंनी काढलेले काकांचे आहेत. दोघांचा एकत्र, तुमच्या लग्नातला तो एक डाग पडलेला सोडला तर, एकही नाही. या शनिवारी डिस्कबरोबर कॅमेरा आणि दिवे घेऊन येतो आहोत. काकू, ती जांभळी इरकल नेसा. काका, दाढी करून बसा आणि सूचना देऊ नका. नाकाच्या सावलीचं मी बघते.

आपली,
हरभट रोडवाली दोघं