होकार कळवून टाकलाय

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

काल फोनवर सांगणारच होते, पण आई म्हणाली, "थांब, यांना मऊभात भरवतेय," आणि माझे शब्द घशातच राहिले. दिवाळीनंतर रत्नागिरीच्या कॉलेजात रुजू व्हायचं ठरलं होतं, ते आता होत नाही. हैदराबादला अजून दोन वर्षं राहीन म्हणून होकार कळवून टाकलाय. न विचारता.

पगारासाठी नाही हो, बाबा. (थोडा त्यासाठीही. पडवीची कौलं काय आपोआप बदलणार आहेत?)

मे महिन्यात, आई, तू खलात बाबांच्या गोळ्या कुटून मधातून चाटवत होतीस. अंगावरून वारं गेल्यापासून त्यांना गिळताना ठसका लागतो, तू तरी काय करणार! पण त्यातली बीपीची गोळी चोवीस तास हळूहळू सुटणारी होती. तिच्यातला पदार्थ पोटात सब्जासारखा फुगतो आणि औषध त्या बुळबुळीत थरातून सावकाश वाट काढतं. कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात. बाबांना दुपारी भोवळ यायची ती त्यानेच असेल का, हे मनातून जात नाही. तुझी चूक नाही गं. असल्याच गोळ्या बनवून पोट भरणारी मी, मला कधी सांगायचं सुचलं नाही.

आता जे काम हातात आलंय ते ऐकून हसशील. जिभेवर ठेवली की विरघळणारी औषधाची पट्टी. अगदी तुझी आंबापोळी! तू ताटाला तूप लावून रस पसरतेस, आम्ही काचेवर औषधाचं पातळ मिश्रण पसरतो. चिरू नये म्हणून ग्लिसरीन, कडू लागू नये म्हणून गोडी. वाळली की तुकडे. तुझी पोळी कडेला जाड झाली तर ती कड मी पळवायचे. इथे जाड-पातळ झालं की एका तुकड्यात औषध जास्त, दुसऱ्यात कमी. सगळा घाणा फुकट. शिवाय ३० अंश आणि ७५ टक्के दमटपणाच्या कपाटात ती महिनोन् महिने टिकली पाहिजे. म्हणजे आपली श्रावणातली पडवीच! मागच्या खेपेच्या पट्ट्या एकमेकींना चिकटून बसल्या. हे अर्धवट टाकून यायला मन होईना.

बाबांना ती मिळेलच असं नाही. इवल्याशा पट्टीत थोडे मिलिग्रॅमच मावतात, आणि विरघळलेलं बहुतेक लाळेबरोबर गिळावंच लागतं. खोटी आशा लावत नाही.

आता नीट ऐक. सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन चिपळूणला डॉक्टरांकडे जायचं आणि एकेक दाखवून विचारायचं, ही कुटली तर चालेल का, नाहीतर बदलून काय देता. अ‍ॅस्पिरिनचीसुद्धा, तिचं आवरण पोटाला त्रास होऊ नये म्हणून असतं. पण आपल्या मनाने एकही बंद करायची नाही. उद्याच फोन लाव, सोमवारची वाट बघू नकोस. गाडी मी सांगून ठेवलीय, पैसे दिलेत, परत करायला जाऊ नकोस. बाबांना ताठ बसवूनच भरव. आणि बाबा, आईवर खेकसू नका, तिचीही कंबर दुखते, ती तुम्हाला सांगत नाही.

गणपतीला येतेच आहे, तिकीट काढलंय. रागावला असाल तर तेव्हा समोर बसवून बोला. आंबापोळी पोस्टाने पाठवू नकोस, इथे मुंग्या लागतात. कडेचे तुकडे तेवढे वेगळे ठेव.

तुमची,
बाय