चंदीआधी सुकं गवत द्या : माथेरानच्या घोड्यांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

माथेरानला येऊन गेलेल्या प्रत्येकाने, जिथे गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर उभे असलेले आमचे घोडे पाहिले आहेत. आता मृग तोंडावर आला आहे. पावसाने जोर धरला की नेरळहून वर येणारी छोटी गाडी बंद होते, अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी उरते, आणि शनिवार-रविवार सोडले तर लाल मातीच्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं. काही अश्वपाल पावसाळ्यापुरते घोडे खाली नेतात. ज्यांना खाली जागा नाही, त्यांचे घोडे इथेच तबेल्यात राहतात. कमाई बंद, पण पहाटे दाराशी माणसाची चाहूल लागली की घोडा खिंकाळतोच. हे आवाहन त्या घोड्यांसाठी आहे.

दरवर्षी लोक मनापासून मदत करतात. पण त्यात चंदीची, म्हणजे घोड्याला चारायच्या धान्याची, हरभऱ्याची पोती जास्त असतात आणि गवत कमी. यंदा आमची कळकळीची विनंती आहे की हे उलटं व्हावं. कारण मागच्या जुलैतली एक रात्र आमच्यापैकी कुणीच विसरलेलं नाही.

चार दिवस धो धो पाऊस चालला होता. एका तबेल्यातलं सुकं गवत भिजून काळं पडलं, त्याला बुरशीचा वास येऊ लागला. घरात दान आलेले हरभरे होते. मालकाने मायेपोटी, घोडा उपाशी राहू नये म्हणून, नेहमीच्या दुप्पट भिजवलेले हरभरे मोतीपुढे ठेवले. रात्री नऊला मोती पुढच्या पायाने जमीन उकरायला लागला. मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघायचा, खाली बसायचा, लोळायला जायचा. कुशीला कान लावला तर एरवी चालणारी आतड्यांची गुडगुड अजिबात नाही. ज्याने घोडा पाळलाय त्याला त्या शांततेची धास्ती कळेल. डॉक्टर खाली होते, फोनवरून सांगत होते. आम्ही पाळीपाळीने छत्री धरून त्याला चालवत राहिलो. पहाटे साडेचारला लीद पडली तेव्हा मालक भिंतीला टेकून रडला. मोती वाचला. पण असं प्रत्येक घोड्याचं होत नाही, कारण घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं चुकीचं खाणं बाहेर टाकायचा मार्गच त्याला नाही.

घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असतं आणि त्यात आम्ल चोवीस तास झिरपत असतं. त्यावर उतारा म्हणजे लाळ, आणि ती चघळतानाच सुटते. किलोभर सुकं गवत घोडा पाऊण तास चघळत बसतो. तेवढंच धान्य दहा-पंधरा मिनिटांत फस्त होतं. म्हणून त्याचं खरं जेवण गवत. जव, हरभऱ्याचा भरडा आणि कोंडा यांची चंदी ही मेहनतीची शिदोरी. हंगामात दिवसभर चढउतार करणाऱ्या घोड्याला ती लागते. पावसाळ्यात तो उभा असतो, तेव्हा आम्ही चंदी निम्म्याहून कमी करतो. बसून भरपूर धान्य खाल्लेल्या घोड्याला एकदम कामाला जुंपलं तर मागचे पाय लाकडासारखे आखडतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. जुने अश्वपाल याला फार जपतात.

हिशोब सरळ आहे. आमचा घोडा साधारण ३०० किलोचा. त्याला दिवसाला सहा किलो सुकं गवत धरा. जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस, म्हणजे एका घोड्यामागे सुमारे ७३० किलो. शिवाय माथेरानात टेम्पो-ट्रक येत नाहीत. दस्तुरीच्या पुढे प्रत्येक भारा हातगाडीवर नाहीतर घोड्याच्याच पाठीवर येतो, त्यामुळे इथल्या गवताला खालच्या भावावर वाहतूक चढते. एका कुटुंबाने एका घोड्याचा एक आठवडा उचलला तर ते ४२ किलो होतात. चार मित्र मिळून एक महिना सहज उचलू शकतात.

गवत खणखणीत सुकं, हिरवट-पिवळं आणि वासाला गोड हवं. मूठभर हातात चुरगाळून झटका; पांढरी धूळ उडाली तर ते आणू नका, त्याने घोड्याला खोकला आणि दम लागतो. ज्वारीचा चांगला वाळलेला कडबा कुट्टी करून चालेल, कोवळी हिरवी ज्वारी नको. गाईम्हशींचं तयार पशुखाद्यही नको, त्यातल्या काहींमध्ये घातलेली औषधं घोड्याला विषासारखी लागतात. बंगलेवाल्यांना एक वेगळी विनंती: आवारातली हिरवळ मशीनने कापल्यावर तो ढीग प्रेमाने तबेल्यात पाठवू नका. तो आतून तापतो, आंबतो, आणि घोडा तो न चघळता गिळतो. पर्यटकांच्या पाव-बिस्किटांचंही तेच. खाऊ घालायची हौस असेल तर मालकाला विचारून एक गाजर लांब उभं चिरून, तळहात सपाट ठेवून द्या.

गवताखालोखाल आम्हाला कोरडेपणा हवा आहे. जाड ताडपत्री, आणि भारे जमिनीपासून वीतभर उंच ठेवायला लाकडी फळ्यांच्या चौकटी. गोदामांत, कारखान्यांत त्या पडून असतात. वखारीतला लाकडाचा कोरडा भुसाही हवा, कारण चार महिने ओल्या जमिनीवर उभं राहून खूर सडतात. रोज संध्याकाळी एकेक पाय उचलून आकडीने खूर साफ करताना मधल्या मऊ त्रिकोणाला बोट लावून वास घ्यावा लागतो. कुजका वास आला की समजायचं, खालची जमीन कोरडी नाही. खडेमीठ, खराऱ्याचे ब्रश आणि सुती दोर यांचीही गरज आहे. कामाला न लागणाऱ्या घोड्यांचे नाल काढून खूर तासायचे आहेत, जंताचं औषध द्यायचं आहे, धनुर्वाताची लस टोचायची आहे. एखादे पशुवैद्य किंवा नालबंद जूनच्या आत दोन दिवस देऊ शकले तर त्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय आमच्या घरी.

रोख रक्कम आम्ही घेत नाही. वस्तूच द्या. प्रत्येक भारा तोलून वहीत नोंदवला जाईल आणि तो कुठल्या घोड्याला गेला हे तुम्हाला येऊन पाहता येईल. हंगामात कमावणाऱ्या अश्वपालांनीही आपापल्या परीने गवत भरलं आहे. कमी पडतंय तेवढ्यापुरताच हा हात पुढे केला आहे.

मे संपायच्या आत गवत वर पोहोचायला हवं. एकदा पाऊस लागला की दस्तुरीपासून तबेल्यापर्यंत येता येताच ते भिजतं. टेम्पो दस्तुरीपर्यंत येतो. सकाळी सात ते दहा ही वेळ बरी, नंतर पर्यटकांची गर्दी होते. नाक्यावर कुठल्याही अश्वपालाकडे आदल्या दिवशी निरोप द्या, म्हणजे हातगाडी आणि उतरवायला दोन माणसं तयार ठेवता येतील.

आपले,
माथेरानचे अश्वपाल आणि गावकरी