दिवे घाटातल्या माउलींचे आभार

वारीतला पुणे ते सासवड हा तीसेक किलोमीटरचा टप्पा. दिवे घाटाच्या चढावर आईला भोवळ आली. एका मावशींनी डोक्यावरचं तुळशीवृंदावन सोबतिणीकडे दिलं नि आईचं डोकं मांडीवर घेतलं. कुणीतरी तांब्याभर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आणलं. दिंडीच्या टेम्पोवाल्या दादांनी पातेल्यांच्या ढिगात जागा करून सासवडला सोडलं. पैसे काढले तर म्हणाले, “माउली, लाजवता काय?” नावं विचारायची राहूनच गेली. (त्या गर्दीत सुचतं कुठं!) आई म्हणते, पांडुरंगानंच माणसं पेरून ठेवली होती. एरवी मी तिच्याशी वाद घातला असता. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आणि हो, तो तांब्या आमच्याकडेच राहिलाय, घासून ठेवलाय.