लालबाग-परळकरांनो, मोकळ्या जागांच्या कायद्यासाठी पुढे या!

सप्रेम नमस्कार,

सार्वजनिक जमिनींच्या व्यवस्थापनासाठी राज्याने स्वतंत्र कायदा करावा, ही मागणी घेऊन आपली रहिवासी समिती नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी आमदारांना भेटणार आहे. त्यासाठी तुमची मदत हवी आहे.

नियमातला एखादा शब्द बदलला की काय होते, हे गिरणगावाने भोगले आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 नुसार गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग बागा-मैदानांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. 2001 मध्ये दुरुस्ती आली आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. जिथे शेड आणि गोदामे उभी होती, ती सगळी जागा हिशेबातून गेली! उच्च न्यायालयाचा 2005 चा निकाल आपल्या बाजूने होता, पण मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. त्या जागांवर आज मॉल आणि टॉवर आहेत.

आजही विकास आराखड्यातले मैदान-बागेचे आरक्षण बदलायचे तर एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली राजपत्रात सूचना निघते आणि हरकतींना एक महिना मिळतो. चाळीत राजपत्र वाचतो कोण? मैदानाला पत्रे ठोकले जातात तेव्हा कळते, आणि तोवर मुदत टळलेली असते. म्हणून ही सूचना त्या जागेवरच मराठीत मोठ्या फलकावर लागावी, वॉर्डात जाहीर सुनावणी व्हावी आणि सार्वजनिक भूखंडांची यादी दरवर्षी प्रसिद्ध व्हावी, हे कायद्यातच लिहिलेले असावे, असा आमचा आग्रह आहे.

आम्हाला सर्वांत जास्त गरज आहे ती कागदांची. मालमत्ता पत्रक, सी.एस. (भूमापन) क्रमांक असलेला नकाशा, भाडेपट्ट्याची प्रत, घरातल्या ट्रंकेत असेल ते काढा. मैदानातल्या कबड्डीच्या सामन्याचा जुना फोटोसुद्धा चालेल, मागे तारीख असेल तर फारच उत्तम. कायद्याचे विद्यार्थी आणि जागा मोजायला येणारी तरुण मुले हवी आहेत. नकलांची फी, छपाई आणि वकिलांचा खर्च वर्गणीतूनच भागवायचा आहे. जमेल तेवढे द्या, दहा रुपयांचीही पावती मिळेल.

चाळ कमिटीच्या कार्यालयात रोज संध्याकाळी 7 ते 9 या वेळेत भेटा. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स पुरे.

आपली,
रहिवासी समिती