दादाचं नाव समासात लिहिणाऱ्या पाळकसाहेबांना

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुम्ही आमच्याकडे येऊन गेलात त्याला आता चार महिने होतील. तुम्ही निघालात तेव्हा मी दारात नुसती उभी होते, तोंडून शब्द फुटला नाही. नंतर दोनदा फोनवर बोलणं झालं, तेही आईच्या गुडघ्यांबद्दल आणि लांबलेल्या पावसाबद्दल. मनात होतं ते राहूनच गेलं. आमच्या घराला जे लागलं ते चारचौघांत लागलं होतं, म्हणून तुमच्याकडून जे मिळालं तेही चारचौघांतच सांगते.

माझा दादा सुतार होता. हात असा की सांध्यात नख शिरायचं नाही. आमच्या मंडळीच्या देवळातली निम्मी बाकं त्याने दुरुस्त केलेली आहेत, आणि त्याचे पैसे त्याने कधी मागितले नाहीत. संडेस्कूलमध्ये वचनं पाठ करण्यात तो पहिला असायचा. मग दारू आली. आधी शनिवारची, मग रोजची. उपासनेला येणं थांबलं. प्रभुभोजनाच्या रविवारी वडीलमंडळींपैकी कोणी काही बोललं, ते त्याच्या मनाला लागलं आणि त्याने देवळाची पायरी कायमची सोडली. पण मी माहेरी यायची म्हटलं की एसटी स्टँडवर तो हजर. गाडी थांबायच्या आत धावत यायचा आणि खिडकीतूनच पिशवी घ्यायचा. प्यालेला असला तरी यायचा. त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

तिसऱ्या दिवशी घरी सांत्वनाची प्रार्थना होती. बाहेरगावाहून आलेल्या एका प्रवचनकारांना वचन सांगायला बसवलं. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांनी रोमकरांस पत्राचा नववा अध्याय उघडला, याकोब आणि एसाव ह्या जुळ्या भावांबद्दलचं ‘याकोबावर प्रीती केली, एसावाचा द्वेष केला’ हे वचन वाचलं आणि म्हणाले, देवाने जगाच्या उत्पत्तीआधीच कोण आपला हे ठरवलेलं असतं. जो निवडलेला असतो तो शेवटपर्यंत टिकतो. जो टिकला नाही तो निवडलेला नव्हताच, देवाला हे आधीपासून ठाऊक होतं, म्हणून कुटुंबाने देवाची इच्छा मान्य करून शांत व्हावं. खोलीत चाळीसएक माणसं होती. एकानेही मान वर केली नाही. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि चहाचं आधण उतू जाईपर्यंत त्याच्याकडे बघत बसली.

रात्री ती मला म्हणाली, “आपल्या शेजारणी म्हणतात, पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते. आम्ही ते सोडून ख्रिस्ताकडे आलो ना? मग ह्यात आणि त्यात फरक काय राहिला?” मी शाळेत शिकवते, पण ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढचे सहा दिवस मंडळीतलं कोणी आमच्याकडे फिरकलंसुद्धा नाही. डबे आले ते शेजारच्या मुसलमान कुटुंबाकडून आणि समोरच्या मावशींकडून.

नवव्या दिवशी तुम्ही आलात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झालेली, पायाला सूज, आणि एसटीने दोन गाड्या बदलून एकटेच. आत आलात तेव्हा चौकटीवरून हात फिरवलात आणि विचारलंत, “हे त्याचंच काम ना?” नऊ दिवसांत दादाबद्दल कोणी काढलेलं ते पहिलं चांगलं वाक्य. नंतर बराच वेळ तुम्ही काही बोललाच नाहीत. आईने तोच प्रश्न तुम्हाला विचारला, सटवाईचा. बाई अडाणी आहे असं समजून तुम्ही तो हसण्यावारी नेला नाहीत. म्हणालात, “बाई, हा प्रश्न चारशे वर्षं मोठमोठ्या पंडितांनी विचारला आहे, आणि तुमच्याइतका सरळ फार थोड्यांनी.”

मग तुम्ही सांगितलंत की मी स्वतः निवडीची शिकवण मानणारा माणूस आहे, त्याच शिकवणीत माझं आयुष्य गेलं. हे ऐकून मी जरा धास्तावले. पण लगेच म्हणालात, “निवड देवाची आहे. यादी त्याच्याकडे आहे. ती आम्हा पाळकांच्या हातात त्याने कधी दिलेली नाही.” हॉलंडमधल्या डॉर्ट गावी १६१८ च्या नोव्हेंबरापासून १६१९ च्या मेपर्यंत जो सिनॉड, म्हणजे मंडळ्यांची धर्मसभा, बसला, त्यानेच निवडीचा सिद्धांत सगळ्यात कडक शब्दांत मांडला. त्याच सिनॉडने हेही लिहून ठेवलं की देवाच्या गूढ गोष्टींत नाक खुपसून कोणी निवडीचा शोध घेऊ नये. आणि त्याआधीच्या ज्या धर्मसुधारक कॅल्विनच्या नावाने ही सगळी कठोर भाषा चालते, त्या कॅल्विनने आपल्या मोठ्या ग्रंथात देवाच्या ह्या ठरावाबद्दल लिहिताना कबूल केलं आहे की हा ठराव धडकी भरवणारा आहे. तुम्ही म्हणालात, “ज्याला हे बोलताना धडकी भरत नाही त्याने ते बोलू नये. मेलेल्या पोराच्या आईसमोर तर मुळीच नाही.”

तुम्ही गेल्यावर मी वाचत बसले. शाळेला सुट्टी होती आणि रात्री झोप नव्हती. तुम्ही जेवढं सांगितलं होतंत ते एकेक करून पडताळलं. ‘एसावाचा द्वेष केला’ हे ते पत्र लिहिणाऱ्या पौलाचं स्वतःचं वाक्य नाहीच, ते मलाखी संदेष्ट्याचं आहे. एसाव मरून शेकडो वर्षं झाल्यावर, एसावाचे वंशज अदोम आणि याकोबाचे वंशज इस्राएल ह्या दोन राष्ट्रांबद्दल ते लिहिलेलं आहे. त्यांच्या आईला, रिबकेलाही, देवाने आधी तेच सांगितलं होतं, तुझ्या पोटात दोन राष्ट्रं आहेत. द्वेष हा शब्दही शास्त्रात कितीदा ‘दुसऱ्यापेक्षा कमी प्रीती’ एवढ्याच अर्थाने येतो. याकोबाची बायको लेआ नावडती होती तिथे मुळात तोच शब्द आहे, आणि आईबापाचा द्वेष केल्यावाचून माझा शिष्य होता येत नाही असं लूककृत शुभवर्तमानात प्रभू म्हणतो, तिथेही हाच प्रकार. नववा अध्याय वाचून पुस्तक मिटायचं नसतं, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. पौल तिथून अकराव्या अध्यायापर्यंत चालत जातो आणि शेवटी म्हणतो की देवाने सगळ्यांना आज्ञाभंगात कोंडलं ते सगळ्यांवर दया करावी म्हणून. त्यानंतर त्याचं बोलणं संपतं आणि स्तुती सुरू होते. त्या प्रवचनकारांना हे सगळं ठाऊक असणारच. त्यांनी पुढची दोन पानं उलटली असती तर आई उठून गेली नसती.

देवाच्या पूर्वज्ञानाबद्दल तुम्ही प्राचीन मंडळीतल्या ऑगस्टीन ह्या धर्मगुरूचं उदाहरण दिलंत तेही मला सापडलं. मला कालचं आठवतं म्हणून काल काही माझ्या आठवणीने घडवला नाही. तसंच देवाला उद्याचं दिसतं म्हणून उद्या त्याने कोणावर लादला असं होत नाही. उदाहरण सुंदर आहे. पण मोकळेपणी सांगते, माझं समाधान त्याने पुरतं झालं नाही. ज्याला आधीच दिसतं आणि ज्याच्या हाती सगळी सत्ता आहे, त्याने थांबवलं का नाही, हा काटा राहतोच. ह्याच काट्यापायी लायडनचे प्राध्यापक आर्मिनियस झगडले. १६०९ साली ते वारले, आणि १६१० मध्ये त्यांच्या बाजूच्या पाळकांनी पाच मुद्द्यांचं निवेदन दिलं: ख्रिस्त सर्वांसाठी मेला, कृपेला माणूस नकार देऊ शकतो, आणि देव निवडतो तो विश्वास पाहून. डॉर्टने ते फेटाळलं आणि सुमारे दोनशे पाळकांना घरी बसवलं. माझं मन त्या घरी बसवलेल्यांकडे जास्त झुकतं, पाळकसाहेब. सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, हे तीमथ्याला लिहिलेलं वचन मला बाजूला सारता येत नाही. हे तुम्हाला आवडणार नाही, पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही.

आईला मात्र उत्तर मिळालं, आणि ते वादातून मिळालं नाही. तुम्ही योहानाचा अकरावा अध्याय काढलात. आपला मित्र लाजर मेला हे प्रभूला कोणी सांगायच्या आधी ठाऊक होतं. आपण त्याला उठवणार हेही ठाऊक होतं. तरी कबरेपाशी येऊन तो रडला. “सटवाई लिहून निघून जाते,” तुम्ही आईला म्हणालात. “ज्याला सगळं आधी ठाऊक असूनही जो येतो आणि रडतो, तो आपला देव. एवढा फरक आहे.” आई काही बोलली नाही. पण पदर तिने तेव्हा डोळ्यांना लावला, नऊ दिवसांत पहिल्यांदा.

आणि मग ती पेन्सिल.

तुम्ही पिशवीतून तुमचं जुनं पवित्र शास्त्र काढलंत, कापडी पाठ उसवलेलं, आणि उत्पत्तीचा तेहेतिसावा अध्याय वाचलात. वीस वर्षांनी याकोब घाबरत परत येतो, भाऊ आता मारणार म्हणून वाटेत दानं पाठवतो. आणि हाच तो एसाव, धावत येतो, गळ्यात पडतो, मुके घेतो, दोघं रडतात. याकोब त्याला म्हणतो, तुझं तोंड पाहिलं ते जणू देवाचं दर्शन झालं. हे मी लहानपणापासून शंभरदा वाचलं असेल, पण धावत येणारा एसाव मला त्या दिवशी दिसला. मला स्टँड दिसला.

तुम्ही विचारलंत, “त्याचं नाव काय? रजिस्टरातलं नको, घरी काय हाक मारायचात ते सांगा.” आईने सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. तुमच्या खिशाला पेन होतं. ते तुम्ही काढलं नाहीत. फळीवर दादाची सुतारी पेन्सिल पडली होती, चपटी, लाल, दाताने चावलेली. “ही घेऊ का?” म्हणालात. टोक मोडलेलं होतं. तेव्हा आई उठली. तिने दादाच्या पेटीतून पटाशी काढली आणि त्याचं बघून बघून शिकलेल्या हाताने, अंगठा मागे ठेवून, चार कापांत टोक काढून दिलं. लाकडाच्या ढलप्या तिच्या लुगड्यावर पडल्या. तुम्ही त्या समासात, एसाव धावत येतो त्या ओळीच्या शेजारी, सावकाश ते नाव लिहिलंत. पुस्तक तिच्यापुढे धरलंत. मग पेन्सिल होती तिथे, होती तशी आडवी ठेवलीत.

प्रार्थनेत तुम्ही दादाच्या तारणाबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. त्या घरी बनवलेल्या चौकटीबद्दल, बाकांबद्दल, त्याच्या हातांबद्दल देवाचे आभार मानलेत. बस्स. त्याच्यासाठी कोणी देवाचे आभार मानेल हे आम्ही धरलंच नव्हतं.

वाचताना मला आणखी एक गोष्ट सापडली, ती तुम्हाला नक्की ठाऊक असेल. इंग्लंडमधला प्रवचनकार जॉन वेस्ली, त्याने १७३९ मध्ये ब्रिस्टलला निवडीच्या शिकवणीविरुद्ध घणाघाती प्रवचन केलं. त्याचा सोबती प्रवचनकार जॉर्ज व्हिटफील्ड याने त्याला जाहीर उत्तर दिलं. जिवलग मित्र, पण वाटा फुटल्या. तरी आपण गेल्यावर आपलं स्मृतिप्रवचन वेस्लीनेच करावं अशी व्हिटफील्डची इच्छा होती. १७७० च्या सप्टेंबरात व्हिटफील्ड अमेरिकेत वारला, आणि नोव्हेंबरात लंडनमध्ये वेस्ली ते प्रवचन करायला उभा राहिला. एक निवड मानणारा, एक न मानणारा. मंडळी त्यांना आजही दोन टोकांना उभं करते, पण त्या दिवशी एक जण दुसऱ्यासाठी देवाचे आभार मानत होता. सभ्यता म्हणतात ती हीच असावी, आणि ती कुठल्याही कॅटेकिझममध्ये, धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरांत, शिकवत नाहीत. ती पाहायला मिळाली तर मिळते. आम्हाला मिळाली. आमच्या गावच्या मंडळीला हे वाचून राग आला तर येऊ दे. त्या चाळीस माणसांत वाईट कोणी नव्हतं, पण एकाने जरी त्या दिवशी “पुरे” म्हटलं असतं तर मला हे पत्र वेगळं लिहिता आलं असतं.

आई आता रविवारी पुन्हा जाते. दादाने बसवलेल्या तिसऱ्या बाकावर बसते, दुसरीकडे बसत नाही. तिला वाचता येतं ते थोडंच, आणि आता डोळ्यांनी तेही जमत नाही. पण ते पान आपल्याला परत एकदा बघायचं आहे असं ती मला आठवड्यातून दोनदा सांगते. बोट ठेवून, ते कुठे लिहिलंय ते. पायाची सूज उतरली की या. येणार असाल त्या दिवशी सकाळी फोन करा, मी स्टँडवर येते. आणि ते पुस्तक बरोबर आणा.

तुमची,
सुताराची बहीण